जीपची वाकळ

“ताठ बस की गं. बघायला पाव्हणं आल्यागत मान खाली काय घालतीस?” चंपाआत्तीनं माझ्या हनुवटीला बोट लावून मान वर केली आणि सीटपासून माझ्या कानापर्यंत वितीनं माप घ्यायला सुरुवात केली.

मी अंगणात उभ्या असलेल्या जीपच्या स्टिअरिंगमागे बसले होते. माझ्या उजव्या हाताला, जिथं दुसऱ्या गाड्यांना दार असतं तिथं, आमच्या जीपला नुसती हवा होती. त्या मोकळ्या जागेत आत्ती उभी होती. खांद्यावर तिची जुनी लुगडी, पदराला टोचलेली सुई. पलीकडे आबा, म्हणजे माझे वडील, मडगार्डावर कापड फिरवत होते आणि आमच्याकडे पाठ करूनच बोलत होते.

“कानाच्या वर आणि चार बोटं घे,” आबा म्हणाले.

“पत्र्याला कान कुठला आला, दादा?”

“मापासाठी सांगतोय. दगड वर उडतोय. हुडाच्या दांडीचा रंग जायला नगो.”

आत्ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावत हसली. आबांची बहीण ती, त्यांचं वेड तिला लहानपणापासून पाठ होतं. एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या शिरपानं डोकं काढलं.

“काय गुंडूआबा, जीपला थंडी वाजाय लागली काय? वाकळ शिवायलाय तिला?”

“रंग जपतोय,” आबा म्हणाले.

“मग सोटर बी विणा की एक!”

आबांनी कापडाला रॉकेलचा एक थेंब लावला आणि पुढं पुसायला लागले. संध्याकाळपर्यंत गुंडू खाडेच्या जीपला वाकळ शिवतायत ही बातमी तिरपणवाडीच्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचली आणि सगळ्या गावाला हसायला एक कारण मिळालं. मला मात्र हसू येत नव्हतं. त्या रंगाचा मला तोवर मनापासून राग यायला लागला होता.

त्या रंगाची हकिकत सांगायला हवी. आबा धरणाच्या कामावर ड्रायव्हर होते. धरण बांधून झालं, साहेबलोक गेले, जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा उभी हयात जी चालवली तीच जीप आबा घरी घेऊन आले. माझ्या आईनं तिला ओवाळलं आणि “सवत आणलीसा की वो घरात” म्हणून ती पोट धरून हसली. आबांनी जुना रंग खरवडून काढला, पत्रा घासला आणि बाटलीहिरवा रंग आपल्या हातानं मारला. तो वाळेपर्यंत आमच्या म्हशी बाहेर आणि जीप गोठ्यात. पुढं आई गेली, आबांचे गुडघे गेले, नजर थोडी अधू झाली, पण रोज सकाळी जीप पुसणं काही चुकलं नाही. दसऱ्याला जीपला झेंडूचा हार घालायचा तोही दोऱ्याचा. तार लावली तर रंगाला ओरखडा जाईल म्हणायचे.

मी या घरात परत आले तेव्हाही ते जीपच पुसत होते. माझ्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. “थोरली म्हणून ऱ्हा, तुला कोण हाकलतंय?” असं सासू म्हणाली. मी ट्रंक उचलली आणि एसटीत बसले. अंगणात पाय ठेवला तेव्हा आबांनी आधी ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“जेवलीस?”

“न्हाई.”

“चंपे, शालनला ताट वाढ.”

एवढंच. त्यानंतर महिने गेले, पण त्या विषयावर आबांनी चकार शब्द काढला नाही. कसं झालं, काय झालं, आता पुढं काय, काहीच नाही. भावकीतले लोक यायचे, “पोरीला परत धाडा”, नाहीतर “एक बिजवर हाय बघण्यात” असं काहीतरी घेऊन यायचे. आबा त्यांना जीपपाशी न्यायचे आणि हा रंग ऊन कसा खातो, पाऊस कसा सोसतो, हे सांगत बसायचे. पाहुणा कंटाळून चहा न घेताच जायचा. लोक म्हणायचे, पोटची लेक घरात येऊन बसली आणि या बाबाला रंगाचं पडलंय. मीही तेच म्हणायची, फक्त मनातल्या मनात. मला वाटायचं, आबांना माझी लाज वाटते. तोंडावर बोलवत नाही म्हणून बिचारे पत्र्याशी बोलतात.

अशात एके दिवशी दूध संस्थेचे पांडबा चेअरमन घरी आले. आमच्या गावावरून एक कच्चा रस्ता वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर जातो. तिथं धनगरवाडा आहे आणि भरपूर म्हशी. त्या दुधाचे कॅन रोज खाली आणायला एक टेम्पो होता. पण सड्यावर बॉक्साइटची खाण सुरू झाली आणि डंपरनी त्या रस्त्याची खडीच खडी करून टाकली. डंपर समोरून गेला की दगड गोफणीतून सुटल्यासारखे यायचे. असाच एक दगड काचेतून आत आला, टेम्पोवाल्याचा डोळा थोडक्यात वाचला आणि त्यानं दुसऱ्याच दिवशी काम सोडलं. धनगरवाड्यात दूध नासत होतं.

“गुंडूआबा, तुमच्या जीपशिवाय तो चढ कुणाला जमायचा न्हाई,” चेअरमन म्हणाले. “पण तुमचं गुडघं...”

“मी नेतो,” मी आतल्या दारातून म्हणाले.

दोघांनीही वळून बघितलं. मला गाडी येते हे गावाला ठाऊक होतं. शाळेत असताना आबांनीच धरणाच्या माळावर शिकवली होती, बुडाखाली उशी देऊन. पण येणं वेगळं आणि पोटासाठी चालवणं वेगळं. चेअरमन ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, “बाई माणूस... वरचा रस्ता... लोक काय म्हणतील?”

मी आबांकडं बघत होते. त्यांनी एक शब्द माझ्या बाजूनं बोलावा, एवढीच माझी अपेक्षा होती. हे काम मिळालं असतं तर मी या घरात परत आलेली लेक राहिले नसते, कमावती झाले असते. भावकीची तोंडं बंद झाली असती. आणि मला सगळ्यात जास्त हे हवं होतं, की आबांनी एकदा तरी माझ्याकडं बघून ‘हो’ म्हणावं.

आबांनी अंगणातल्या जीपकडं बघितलं. मग म्हणाले, “रंग जाईल.”

मला रडूच फुटलं. मी आत जाऊन चुलीपाशी बसले. बाहेर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. थोड्या वेळानं आबा दारात आले आणि आढ्याकडं बघत म्हणाले, “दिवाळीपतूर चालवून बघ म्हणतोय चेअरमन. पण माजी एक अट हाय. रंगाचा टवका उडाला तर किल्ली माज्या हातात. काय?”

“व्हय,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून आबांचा उद्योग सुरू झाला. खडी क्रशरवरून जुना रबरी पट्टा आणला. वेल्डिंगवाल्याकडून माझ्या बाजूच्या मोकळ्या जागेत लोखंडी सळ्यांची चौकट बसवून घेतली. बाहेरून पट्टा लावायचा, आतून आत्तीची वाकळ. समोरच्या काचेवर वाळू चाळायच्या चाळणीची जाळी बसवली, तीही माझ्यासमोरच्या अर्ध्या काचेवरच.

“दुसऱ्या अर्ध्याला?” मी विचारलं.

“जाळी पुरली न्हाई.”

“आणि डाव्या बाजूला पट्टा?”

“समोरनं येणारा डंपर उजव्या अंगालाच दगड मारतोय. तिथलाच रंग जातोय.”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. समोरची गाडी उजवीकडूनच जाते, हे खरंच होतं.

वाकळ दोन दिवसांत होत आली. आत्तीची वाकळ म्हणजे काम बघण्यासारखं, टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि ओळ दोरी धरल्यासारखी. आमच्याकडे वाकळेचा चौथा कोपरा मिटवायच्या आधी त्यात पोळीचा नाहीतर भाकरीचा एक घास घालतात. घरातल्या मोठ्या माणसानं घालायचा, बहुतेक आईच घालते. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं बायका म्हणतात. पण हा मान फक्त माणसाच्या वाकळेला. धान्यावर झाकायच्या, बैलाच्या पाठीवर टाकायच्या पटकुराला कोणी घास घालत नाही.

आत्ती चौथ्या कोपऱ्यापाशी आली तेव्हा मी तिला चिडवलं, “घास नगो व्हय हिला?”

“पत्र्याला कसली आलीया भूक?” आत्ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे आता एवढं. भाकऱ्या थापून आल्यावर मिटवतो.”

पण भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली आणि आत्ती विसरून झोपली. सकाळी बघते तर वाकळ चौकटीला बांधून तयार. चौथा कोपरा मिटलेला होता, पण सुतळीनं, वेडेवाकडे टाके घालून, पोत्याचं तोंड शिवतात तसा. आत्तीचा दोरा संपला असेल आणि आबांनी घाईनं उरकलं असेल, असं मला वाटलं. मी कॅन चढवले आणि निघाले.

ते पहिले दिवस मी कधी विसरणार नाही. सड्याचा चढ मी पायानं नव्हे, जिवानं चढायची. दगड टाळायची, खड्डा टाळायची, डंपर दिसला की जीप पार कडेला घेऊन उभी करायची. जिवाची भीती नव्हती, रंगाची होती. खडा टणकन वाजला की मी उतरून पत्र्यावर हात फिरवायची. वर धनगरवाड्यातले धोंडूमामा लांबोर कॅनबरोबर खाली यायचे, मागं बसून. त्यांना माझी गंमत वाटायची.

“पोरी, तू गाडी चालीवतीस का लेकराला आंघुळ घालतीस?”

“टवका उडला तर नोकरी जाईल, मामा.”

“आरं तिच्या! तुझा बा लई अवघड माणूस हाय.”

“लई,” मी म्हणायची.

आणि होतेच ते अवघड. संध्याकाळी जीप अंगणात लागली की आबा काठी टेकत यायचे आणि चौकशी सुरू. किती डंपर भेटले? कुठल्या वळणाला? चालवणारा कोण होता, तो म्हातारा का नवा पोरगा? भरलेला होता का रिकामा? रिकामा डंपर जास्त उडवतो, त्याच्यापासून लांब राहायचं. मग ते पट्ट्यावर हात फिरवायचे, वाकळ दाबून बघायचे, जाळी हलवून बघायचे. मी बाजूला उभी राहायची, निकाल लागायची वाट बघणाऱ्या शाळकरी पोरीसारखी.

पहिला टवका उडाला तो बॉनेटवर, दिव्याच्या वर. चिंचोक्याएवढा. आतला पत्रा लख्ख दिसत होता. त्या दिवशी जीप अंगणात लावताच मी किल्ली काढून हातात तयार ठेवली. आबांनी बॉनेटवरून हात फिरवला. त्यांचा अंगठा बरोबर त्या टवक्यावर थांबला.

“हा जुना हाय,” आबा म्हणाले आणि पुढं सरकले.

मी चाट पडले. बाटलीहिरव्या रंगावर ताजा पांढरा पत्रा चमकत होता, तो आंधळ्यालाही दिसला असता. मला वाईट वाटलं. आबांची नजर पारच गेली की काय? रात्री मी आत्तीला सांगितलं तर ती म्हणाली, “सुईत दोरा घालून दिला की सकाळी मला. कशाची नजर गेली!” पण मी तेवढ्यावर विचार सोडून दिला. नोकरी वाचली होती, देवाला एक नारळ बोलले आणि झोपले.

दिवाळी जवळ आली होती. रस्ता कोरडा पडला होता आणि धुरळ्याचे लोट उठत होते. त्या सकाळी धनगरवाड्यातून कॅन भरून मी खाली निघाले होते. मागं धोंडूमामा होते, कॅनना टेकून विडी ओढत. मधल्या वळणाच्या आधी रस्ता अरुंद होतो. एका बाजूला दरड, एका बाजूला उतार. तिथंच समोरून डंपर आला. रिकामा. आणि चालवणारा नवा पोरगा.

मी जीप दरडीला चिकटवून थांबवली. हात दाखवला, सावकाश ये म्हणून. त्यानं बघितलं का नाही देव जाणे. तो गाणं लावून, धूळ उडवत, आहे त्याच वेगात आला. पुढचं चाक माझ्या शेजारून गेलं आणि बॉनेटवर खडी बदाबदा आदळली. मग मागची जोडचाकं आली. जोडचाकांच्या फटीत कधीकधी दगड अडकून बसतो. तो फिरत राहतो, फिरत राहतो, आणि सुटला की कुणाच्या बापाला ऐकत नाही.

मला आवाज आधी आला. तोफ उडावी तसा. मग उजव्या खांद्याला आणि कानशिलाला असा धक्का बसला की मी डाव्या सीटवर कोलमडले. डोळ्यांपुढं धुरळाच धुरळा. डंपर निघून गेला होता.

“शालन! ये पोरी! लागलं का?” धोंडूमामा मागून ओरडत होते. ते उतरून धावत पुढं आले.

मी हात फिरवून बघितला. कानाला, गालाला, मानेला. रक्त नव्हतं. कान बधिर झाला होता, खांदा ठणकत होता, पण मी सगळीच्या सगळी जागेवर होते. वाकळ मात्र माझ्या कानाच्या उंचीवर आत फुगून आली होती. बाहेरचा रबरी पट्टा भोसकल्यासारखा फाटला होता, आणि पट्ट्याच्या नि वाकळेच्या मधून घसरून माझ्या पायापाशी जीपच्या तळावर एक दगड पडला होता. मुठीएवढा. धारदार. नुकताच फुटलेला.

धोंडूमामांनी तो उचलला, हातात जोखला आणि लांब उतारावर भिरकावून दिला.

“ही वाकळ नसती तर आज...” ते म्हणाले आणि थांबले. मग वाकून वाकळेकडं बघायला लागले. दगडानं वरचा कोपरा उसवला होता, तोच सुतळीनं शिवलेला. त्याच्यातून काहीतरी लोंबत होतं. मामांनी दोन बोटांनी ते ओढून काढलं. वाळून खडक झालेला, दातेरी कडेचा पुरणपोळीचा तुकडा.

“आगं,” मामा म्हणाले, “तू तर म्हणलीस जीपची वाकळ हाय. ही तर माणसाची हाय की. घास हाय हिच्यात.”

मी तो तुकडा हातात घेतला. ज्या रात्री तो कोपरा मिटला त्याच दिवशी शिरपाच्या घरी पोराचं बारसं होतं आणि तिथून आमच्या घरी ताट आलं होतं. आबांना पुरणपोळी जीव की प्राण. त्यांनी त्यातली एक खाल्ली होती आणि एक सकाळसाठी म्हणून ठेवली होती.

मी जीपमधून खाली उतरले. पहिल्यांदाच मी त्या जीपकडं नीट बघितलं. रोज जिच्यात बसत होते, जिच्या रंगासाठी जीव टांगणीला लावत होते, तिच्याकडं. मागचा सगळा उजवा पत्रा उघडा होता, त्यावर ना पट्टा ना कापड. आजच्या खडीनं त्यावरचा रंग पार सोलून निघाला होता. मडगार्ड उघडं. बॉनेट उघडं. डावी काच उघडी. वाकळ पत्र्याच्या मापाची नव्हतीच. सीटपासून कानाच्या वर चार बोटं. ती माझ्या मापाची होती. आणि समोरची जाळी चेहऱ्याएवढी होती.

मला आठवलं, रिकामा डंपर लांबून टाळ. मला आठवलं, हा टवका जुना हाय. जेवलीस का, एवढंच विचारलं होतं त्यांनी मला त्या दिवशी, आणि मी त्याला विचारणंच समजले नव्हते.

मी रस्त्याच्या कडेला बसले आणि मोठ्यानं रडले. सासरहून निघाले तेव्हा रडले नव्हते, एसटीत रडले नव्हते, ते सगळं त्या खडीवर रडले. धोंडूमामा बिचारे हातात विझलेली विडी घेऊन उभे राहिले.

“लागलंय का कुठं आत?” त्यांनी घाबरून विचारलं.

“न्हाई मामा. कुठंच लागलं न्हाई.”

“मग उठ. दूध नासंल.”

त्यांचं खरं होतं. मी डोळे पुसले, पुरणाचा तुकडा पदराच्या गाठीला बांधला आणि कॅन वेळेत डेअरीवर पोचवले.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. धुरळ्यातून एसटी येते, दूध येतं, पण बातमी सगळ्यांच्या आधी. आबा फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन उभे होते. काठी नव्हती हातात. मी जीप लावेपर्यंत ते सरळ माझ्या बाजूला आले. फाटक्या पट्ट्यातून त्यांनी हात आत घातला. त्यांची बोटं वाकळ बाजूला सारून माझ्या कानाजवळ आली, केसांना लागली आणि तिथंच थांबली.

“टवका उडाला का कुठं?”

“न्हाई आबा,” मी म्हणाले. “रंग शाबूत हाय.”

त्यांनी हात बाहेर काढून घेतला आणि दुसरीकडं बघितलं. अंगणात आत्ती पदर तोंडाला लावून उभी होती. शिरपाही कुंपणावरून डोकावत होता.

मी खाली उतरले. बोलायचं बोलून टाकावं म्हणून किल्ली पुढं केली. “पण बॉनेटवर उडालाय बघा. आजचा हाय. तळहाताएवढा. अट होती तुमची. घ्या किल्ली.”

आबांनी बॉनेटकडं बघितलंच नाही. तिथं हिरव्या रंगाचा एवढा मोठा टवका उडाला होता की पत्रा उन्हात आरशासारखा चमकत होता. ते माझ्याकडं बघत होते. मी घरी परत आल्यापासून पहिल्यांदा, सरळ, डोळ्यांत.

“त्यो जुना हाय,” आबा म्हणाले.

किल्ली माझ्याच हातात राहिली.

संध्याकाळी आत्तीनं वाकळ उतरवून ओसरीवर पसरली. दगडानं तीन पदर फाडले होते. तिनं सुतळी कापून काढली, एक लुगडं आणखी लावलं, तांदळाएवढे टाके घालत कोपऱ्यापाशी आली आणि सुई थांबवली. मी पदराची गाठ सोडून पुरणपोळीचा तो वाळका तुकडा तिच्यापुढं ठेवला.

“हा कुणी घातलावता, आत्ती?”

आत्तीनं तुकडा बघितला. मग तिनं हळूच मान वळवून आबांकडं बघितलं. आबा खाली मान घालून जेवत होते. त्यांच्या ताटात झुणका होता आणि नुकती तव्यावरून उतरलेली भाकरी.

“मला काय इचारतीस?” आत्ती म्हणाली. “मी जीपच्या वाकळंला घास कशाला घालू?”

आबांनी भाकरीचा मधला, मऊ तुकडा तोडला. तो आत्तीकडं न देता माझ्याकडं पुढं केला. बोटांना झुणका लागला होता, तो त्यांनी धोतराला पुसला.

“घाल त्यात,” ते ताटाकडं बघत म्हणाले. “रंगासाठी लागतंय ते.”

“व्हय आबा,” मी म्हणाले. “रंगासाठीच.”

मी घास घेतला, कोपऱ्यात ठेवला, आणि आत्तीनं टाका घातला.